एका चाकातलं पाणी

गजाचा फोन आला तेव्हा मी एका ट्रकचं मागचं चाक खोलत होतो. राजकोटला आमच्या टायरच्या दुकानापुढून दिवसभर अवजड गाड्या जातात. फोन एका कानाला दाबून दुसऱ्या कानात बोट घातल्याशिवाय काही ऐकू येत नाही. गजा माझा धाकटा भाऊ, परभणी जिल्ह्यात पालमजवळच्या आमच्या गावीच असतो. तो म्हणाला, "दादा, माणिककाकाचं ट्रॅक्टर वढ्याच्या उतारावर पलटी झालंय." माझ्या तोंडून निघालं ते, "कोणत्या अंगाला?" काका कसे आहेत, असं नाही. कोणत्या अंगाला. गजा म्हणाला, "डाव्या अंगाला. काका गेले, दादा." त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही. पण तो मी का विचारला हे मला त्याच क्षणी माहीत होतं, आणि ते लाजेपेक्षा वाईट आहे. आता काही आठवडे लोटलेत. पाऊस पडला, पेरण्या झाल्या. गावाकडं या मरणाची जी गोष्ट सांगतात ती अर्धीच आहे, म्हणून उरलेली मी लिहितोय.

माणिककाका माझे सख्खे काका नव्हेत, भावकीतले. त्यांचं आमचं घर पाठीला पाठ लावून. आठवीनंतर माझी शाळा सुटली, ती कुणी सोडवली नाही, मीच सोडली. वर्गात वाचायला उभं केलं की माझ्या घशात काहीतरी अडकायचं, अक्षरं दिसायची पण आवाज निघायचा नाही, आणि पोरं हसायची. घरात सगळे बोलून दमले. काकांनी मात्र एकदाच विचारलं, "मनातल्या मनात वाचता येतंय ना?" मी म्हटलं, येतं. "मग बास. चल, चाकाला पाणी पाजायचंय." एवढ्यावर तो विषय संपला आणि मी त्यांच्या ट्रॅक्टरवर गेलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, चाकाला पाणी पाजणं म्हणजे धुणं असणार.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात नुसती हवा नसते. पाऊणएक भाग पाणी भरतात आणि वरच्या भागात हवा. नुसत्या हवेचं चाक हलकं असतं, ओल्या रानात जागच्या जागी गरगरतं आणि उतारावर जमीन धरत नाही. पाण्यानं चाक जड होतं, जमिनीला चिकटून चालतं. हे पाणी भरणं कंटाळवाणं काम आहे. चाक जॅकवर उचलायचं, व्हॉल्व वरच्या अंगाला येईल असं फिरवायचं, नळी लावायची, थोडं पाणी आत गेलं की नळी काढून आतली हवा बाहेर सोडायची, परत नळी लावायची. अख्खी दुपार जाते. काका ते काम लिंबाखाली बसून, पान खात, देवपूजेच्या सावकाशीनं करायचे. येणारेजाणारे टोमणे मारायचे. "माणिकराव, चाकाला पाणी पाजून कापूस उगवायचाय का काय?" काका पान एका गालातून दुसऱ्या गालात सारायचे आणि म्हणायचे, "उपाशी पोटी उताराला लागू न्हाई, पाटील. माणसानं न्हाई आन् चाकानं बी न्हाई." एक चाक झालं आणि मी उठायला लागलो की हाताला धरून खाली बसवायचे. "एकाला जेवू घातलं आन् दुसऱ्याला उपाशी ठिवलं तर घरात भांडणं होत्यात. दोन्हीकडं सारखं पायजे."

त्यांचं हे असलं सगळं लोकांना भारी विनोदी वाटायचं. एकदा गंगाखेडकडं एका लग्नाला वऱ्हाड घेऊन निघालो होतो. ट्रॉली माणसांनी गच्च, आणि कौसाकाकूचा, म्हणजे काकांच्या बायकोचा, भाऊ ऐटीत येऊन मडगार्डवर बसला. आमच्याकडं ती मानाची जागा. काकांनी इंजिन बंद केलं आणि नुसतं बसून राहिले. मेहुणा म्हणाला, "चला की दाजी, मुहूर्त टळंल." काका म्हणाले, "टळू द्या. मडगार्डवरचा माणूस घसरला की सरळ चाकाखाली येतो. तुमची बहीण मग मला भाकर दील का?" ट्रॉलीतून काकू ओरडली, "आताबी कुठं सुखानं देते?" सगळे हसले, आणि तेवढ्या हशात मेहुणा खाली उतरला. उतरला पण रुसला, परत येताना दुसऱ्याच्या जीपमध्ये गेला. काकूनं त्यावरून काकांशी पुढं कितीतरी दिवस धड बोलणं टाकलं होतं. पण माझ्या लक्षात राहिलंय ते काकांचं बसणं. चिडले नाहीत, शिकवलं नाही, चावी काढून मांडीवर ठेवली आणि शेताकडं बघत बसले. मला सगळ्याचीच भीती वाटायची तेव्हा. अजूनही वाटते. दुकानात प्रत्येक चाक बसवल्यावर गाडी फाटकाबाहेर पडेस्तोवर मी नट पुन्हापुन्हा चाचपतो. काकांच्या शेजारी बसलं की ती भीती नसायची.

राजकोटला मला धाडलं तेही त्यांनीच. गावाकडं सरकी न्यायला येणारा एक ट्रक ड्रायव्हर त्यांच्या ओळखीचा होता. त्याच्या शेजारी मला बसवून दिलं आणि म्हणाले, "ह्याला बोलायला लावू नको, हाताला काम दे." त्या एका वाक्यावर माझं आयुष्य उभं आहे. पुढं माझं लग्न झालं, मुलगी झाली, दुकानमालक आता दुकान माझ्यावर टाकून गावाला जातो. दर आठवड्याला मी काकांना फोन करायचो. ते दोन वाक्यं बोलायचे आणि तिसरं अर्धं सोडून फोन काकूच्या हातात द्यायचे. उपकार फेडायचे कसे हे मला कळत नव्हतं. काही पाठवलं की ते परत पाठवायचे. शेवटी मागच्या पावसाळ्यात गावी जाताना मी तिकडची केशर आंब्याची कलमं घेतली. रेल्वेत पायाशी ठेवून, कुणाचा पाय लागू नये म्हणून रात्रभर गुडघे आखडून बसून आणली. काकांनी कलमांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि घेतली. म्हणाले, "ही परत न्हाई धाडता येत. लावावीच लागतेल." घरामागच्या तुकड्यात त्यांनी खड्डे खणले, काकूनं मातीत शेणखत कालवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण काहीतरी दिलं.

यंदाचा उन्हाळा कसा गेला ते तुम्हाला माहीत आहे. आमचं बोअर होळीनंतर गचके द्यायला लागलं आणि पुढं बंदच पडलं. टँकरचं पाणी माणसांना आणि जनावरांना. काकू भांडी धुतलेलं पाणी कलमांना घालायची, तरी दोन वाळली. उरलेल्यांची पानं खाली लोंबायला लागली. ट्रॅक्टर तर गोठ्यापुढं उभंच होतं, नांगरट झालेली, त्याला काही काम नव्हतं. काकूची नजर त्याच्या चाकाकडं गेली. काका आधी नाही म्हणाले, "चाकाचं पाणी हाय ते. झाडाचं न्हाई." काकू म्हणाली, "चाक काय पिऊन बसलंय? उन्हात उभंच हाय की. पाऊस पडल्यावर घाला परत. पोरानं एवढ्या लांबून जपत आणलेली झाडं हायेत ती." या शेवटच्या वाक्यावर काका उठले म्हणे. उजव्या चाकाचा व्हॉल्व खाली घेतला, खाली घमेलं लावलं, आणि रबराचा वास मारणारं काळपट पाणी काकूनं घागरीनं नेऊन झाडांच्या बुडाला घातलं. डावं चाक तसंच ठेवलं, पुढच्या खेपेला. हे सगळं काकूनंच मला फोनवर सांगितलं, लय खुशीत. "तुज्या झाडांनी चाकाचं पाणी पिलं रे दत्ता, आता आंब्याला टायरचा वास यील." मी हसलो. प्रत्येक गोष्टीची फिकर करणारा मी, त्या दिवशी मला कसलीच फिकर वाटली नाही. उलट बरं वाटलं. माझ्या झाडांसाठी काकांनी चाक मोकळं केलं, एवढंच मनात होतं.

मग एके दिवशी दुपारी अवेळी आभाळ आलं. सगळ्या गावाची खतं रानात न्यायची राहिलेली. काकांनी ट्रॉली जोडली, शेणखत भरलं. काकू म्हणाली, "चाक?" तर म्हणाले, "दोनच खेपा हायेत, हळू नेतो." ओढ्याचा उतार सगळ्यांच्या पायाखालचा आहे. भरलेली ट्रॉली उतारावर मागून ढकलत असते आणि तिला अडवायचं ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. एक चाक जड आणि दुसरं हलकं असलं, तर ब्रेक लावल्यावर जड चाक जमीन धरतं, हलकं घसरतं, आणि ट्रॅक्टरचं तोंड जड चाकाकडं फिरतं. आमच्या उताराला डाव्या हाताला बांध नाही. सरळ ओढा आहे... म्हणून मी गजाला विचारलं होतं, कोणत्या अंगाला.

उन्हाळ्याचे दिवस, अग्नी द्यायला माणसं माझ्यासाठी थांबणार नव्हती आणि थांबवूही नये. मी तेराव्याला पोचलो. काकांची लेक आणि जावई होते, मंडप होता. कौसाकाकू भिंतीला टेकून बसली होती आणि येणारी प्रत्येक बाई तिला तेच सांगत होती, वेळ आली होती माय, वेळेपुढं कुणाचं काय चालतं. बाहेर टपरीवर त्याच घरांतले गडी वेगळं बोलत होते, हे मी कानांनी ऐकलं. "बाईच्या नादानं गेला गडी. चाकाचं पाणी कुणी झाडाला घालतं का?" कुणाची झाडं, हे कुणी म्हणत नव्हतं. मी तिथं चहाचा कप धरून उभा होतो. सांगावं असं वाटलं की झाडं माझी. घशात तेच अडकलं, शाळेतलं.

दुसऱ्या दिवशी पाव्हणे पांगल्यावर काकूनं मला गोठ्याकडं बोलावलं. जेसीबीनं उचलून आणलेलं ट्रॅक्टर तिथं उभं होतं, एक मडगार्ड आत चेपलेलं. ती त्याच्याकडं न बघता म्हणाली, "दत्ता, तुजं काम टायरचं हाय. तुला इचारते. चाकात पाणी असतं तर ते वाचले असते का?" मी म्हणालो, "काकू, उतारावर मुरूम टाकलेला होता, त्याच्यावरून कुणाचंबी चाक..." तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. "मुरूम मला सगळ्यांनी सांगितला. ब्रेक सांगितला. वेळ सांगितली. मी तुला पाण्याचं इचारायले." तिचा आवाज चढला नव्हता. डोळे कोरडे होते. तिला कुणाचंच खरं वाटत नाही, हे मला दिसत होतं. आणि एका माणसानं खरं सांगावं म्हणून ती वाट बघत होती. मी म्हणालो, "बघून सांगतो." काय बघणार होतो? संध्याकाळच्या गाडीनं मी निघून आलो.

राजकोटला आल्यावर बायकोनं दोनदा विचारलं, काय झालंय. काही नाही म्हणून सांगितलं. नाही असं काकूला सांगावं का, हेच डोक्यात होतं. "नाही काकू, पाण्यानं काही फरक पडला नसता." एवढंच तर बोलायचं. ती मोकळी होईल, आणि खरं सांगायचं तर मीही होईन. दुकानात ट्रॅक्टर आलं की मी दुसऱ्या पोराला पुढं करायचो. मालक एकदा म्हणाला, क्या हुआ दत्ता, ट्रॅक्टर काटता है क्या? एकदा फोन लावलासुद्धा. काकूनं उचलला आणि मी मुलीच्या शाळेचं काहीतरी बोलत बसलो. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बघितलंस का?" मी म्हणालो, अजून नाही.

पाऊस लागल्यावर तिचाच फोन आला. जावई ट्रॅक्टर विकायचं म्हणत होते आणि ती अजून हो म्हणाली नव्हती. "विकायचं का ठिवायचं ते मागून बघू. आधी उजव्या चाकात पाणी भरून दे. मोकळं चाक दारात बघवंना मला." गजा भरू शकला असता. मी सुट्टी मागितली आणि गेलो.

बोअरला पाणी आलं होतं. लिंबाखाली आम्ही दोघं बसलो. मी जॅक लावला, व्हॉल्व वर घेतला, आणि नळीचं दुसरं टोक काकूनं धरलं. पाणी आत जाताना चाक पोटातून आवाज करतं. हवा सोडायला मी नळी काढली की ती नळी अंगठ्यानं दाबून धरायची, थेंब सांडू द्यायची नाही. घरामागं कलमांना तांबडी पालवी फुटलेली दिसत होती. काकूनं त्यांना पाणी घालणं कधीच सोडलं होतं, पण पावसानं काही कुणाला विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनी तिकडं बघितलं. चाक भरून झालं. मी हात पुसायला लागलो, तर ती म्हणाली, "आता ट्रॉली जोड. उकिरड्यात खत हाय. निम्मी भर आन् उतारानं ने. मला बघायचंय."

गजाला हाक मारली, त्यानं मुकाट्यानं ब्रेक तपासले, खत भरलं. काकू उताराच्या वरच्या टोकाला जाऊन पदर खोचून उभी राहिली. मी पहिल्या गिअरात घातलं. ट्रॉलीनं मागून ढकललं ते पाठीला कळलं. ब्रेकवर पाय ठेवला. दोन्ही चाकांनी सारखी जमीन धरली, ट्रॅक्टरनं तोंड जरासुद्धा हलवलं नाही, आणि आम्ही सरळ खाली ओढ्यात जाऊन उभे राहिलो. मी इंजिन बंद केलं. काकू उतार उतरून खाली आली, मुरमावर पाय जपून टाकत. "कसं गेलं?"

"सरळ गेलं."

"मग?"

मी खाली उतरलो. सीटवर बसून बोलावं असं ते नव्हतं. म्हणालो, "फरक पडला असता, काकू. वाचलेच असते का, ते मला सांगता येत न्हाई. ते कुणालाच सांगता येणार न्हाई. पण फरक पडला असता."

ती तिथंच दगडावर बसली. मला वाटलं, आपण हिला संपवलं. मी घाईनं म्हणालो, "झाडं मी आणली होती काकू. मी आणली नसती तर..." तिनं हातानं थांबवलं. मग म्हणाली, "झाडं कशाला आणतंय कुणी? लावायलाच आणतंय. आन् लावल्यावर पाणी मागावंच लागतंय. मी मागितलं, ते मी कुठं न्हाई म्हणायले. टपरीवर बोलत्यात ते खोटं न्हाई." ती उठली, आणि उठता उठता तिचा आवाज एकदम बदलला. "पण ह्या माणसाला कळत न्हवतं का? आयुष्यभर मला शिकवलं, दोन्हीकडं सारखं पायजे, दोन्हीकडं सारखं पायजे. मग एक चाक मोकळं ठिवून निघायचंच कशाला? मी चाक म्हणले तर मला म्हणतोय दोनच खेपा. माज्या भावाला मांडवाच्या वाटंवर उतरवलं, आन् सोता... घरात बसला असता तर काय खत पळून जायलं होतं?" गोठ्यापाशी जे डोळे कोरडे होते ते आता वाहायला लागले होते, आणि ती रडत नव्हती. भांडत होती.

मी हे छापायला देणार म्हटल्यावर काकू म्हणाली, "दे. पण माजं नाव घालून दे. टपरीवरचे बिननावाचं बोलत्यात." म्हणून तिचं नाव घातलंय, आणि माझंही. माझा वाटा यानं कमी झालेला नाही, होऊही नये. दुकानात आता ट्रॅक्टर आलं की मीच पुढं होतो, इतकंच.

त्या दिवशी खत रानात टाकून रिकामी ट्रॉली घेऊन आम्ही परत निघालो. बस म्हणालो तर काकू बसली नाही. पुढं पुढं चालत राहिली, बडबडत. मी पहिल्या गिअरात, तिच्या पावलाच्या वेगानं, मागून येत होतो. इंजिनाच्या आवाजात तिचे शब्द मला ऐकू येत नव्हते. नुसता हात दिसत होता. तो कधी कपाळाला लागत होता, कधी हवेत झिडकारल्यासारखा होत होता, आणि मध्येच ती थांबायची, मान तिरकी करायची, पलीकडून काका काय म्हणतायत ते ऐकून घेतल्यासारखी... मग पुन्हा हात उचलायची.